मगरपाठ

दोनशे सोळा लाद्या हव्या होत्या डॉक्टर वैशंपायनांना,
अलकापुरीतल्या दवाखान्याच्या जिन्यासाठी.
निळ्या, गुळगुळीत, एकसारख्या.
"पेशंटला वर चढताना आभाळ वाटलं पाहिजे."
मी हो म्हणाले. शेडचं भाडं थकलं होतं.

मकरपुऱ्यात झिलई कालवायचं काम परेशकडे.
आयटीआयचा मुलगा, नखं स्वच्छ, कान गाण्यात.
माझ्या वहीत मॅग्नेशियमपुढे लिहिलेलं: १ चमचा.
माझा एक जरा पोट सुटलेला असतो.
तो त्यानं इंग्रजी नऊ वाचला.
नऊ चमचे घातले, ढवळले, गाळून घेतले,
आणि कुणालाच काही कळलं नाही,
कारण कच्ची निळाई निळी नसतेच,
फिकट जांभळी असते, तापातून उठल्यासारखी.

बुधवारी भट्टी लावली, शुक्रवारी उघडली.
रमणकाकांनी विटा बाजूला सारल्या, आत वाकले,
आणि मागे सरले.
"बेन, आ तो मगर छे."

झिलई पळाली होती.
आकसून, गोळा होऊन, बेटाबेटांनी उभी,
बेटांमधून भेगा, भेगांतून उघडी करडी माती.
हात फिरवला तर ओरखडा.
अठ्ठेचाळीस लाद्या. एकही आभाळ नाही.

परेशला ओरडले. वाईट ओरडले.
मग एक लादी पिशवीत घातली,
स्कूटर काढली आणि काळाघोड्याच्या पुलावर गेले.
का, ते अजून सांगता येत नाही.

विश्वामित्रीला पाणी कमी, वास जास्त.
खाली चिखलात एक पसरलेली होती,
वर भेळ खाणारी माणसं तिला मोबाईलमध्ये धरत होती.
मी लादी कठड्यावर ठेवली,
साडीला ब्लाउजपीस लावून बघतात
तशी पाठीला पाठ लावून बघितली.
जुळत नव्हती. तिचे खवले शिस्तीचे,
माझे नशिबाचे.
पण चिखल सुकताना जी चमक जाते
ती दोघींची सारखीच गेली होती.

डॉक्टरांना आभाळ करून दिलं, वीस दिवस उशिरा.
त्यांनी दहा टक्के कापले.

मग खरं काम सुरू झालं:
चूक पुन्हा करायची.
नऊ चमचे. नाही आली.
नऊ, आणि थर जाड. पापुद्रे गळून फळीला चिकटले.
अकरा. सात. तोच डबा, तोच परेश, तेच गाणं.
आधी धूळ, मग मेण, एकदा भज्यांचा ओशट हात.
एकतीस तुकडे
तारेत ओवून दाराशी टांगलेत, वारा आला की वाजतात.
रमणकाका, ज्यांच्या आज्यानं जन्मभर फक्त कौलं थापली,
म्हणाले, तुम्ही तोंडाकडेच बघता.
पाठ वाळू द्या अजून दोन दिवस.
वाक येतो तो पाठीकडून.

लादी उलटी केली.
त्यांनी तारेनं ओढलेल्या सात खाचा,
सिमेंटनं धरून राहावं म्हणून,
भिंतीत गेल्यावर कुणालाच न दिसणाऱ्या.
सातही सरळ. कोपऱ्यात अंगठा.
म्हणजे डॉक्टरांच्या जिन्यात
दोनशे सोळा अंगठे आहेत,
आभाळाच्या आतल्या बाजूला.

तेहतिसावी जवळ आली. जवळच.

आता मी वहीत आकडे अक्षरांत लिहिते,
एक, नऊ, साडेचार,
पेढीवरच्या मुनीमासारखी.
फक्त चौऱ्याहत्तराव्या पानावर
एक तसाच राहिलाय, पोट सुटलेला.
काल परेशनं बोट ठेवून विचारलं, एक की नऊ?
मी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.
खरंच आठवेना.
"घाल," म्हटलं,
"आणि किती घातलेस ते मला सांगू नकोस."

भट्टी अजून दोनशेच्या वर आहे.
सकाळपर्यंत विटेला हात लावायचा नाही.