सरळ धरलं तर

ओपुवोत सकाळी सातला
मुहारुकुआ गाडी लावतो मोपानेच्या झाडाखाली
आणि उतरायच्या आधीच सांगतो,
काही झालेलं नाही,
सरळ धरलं तर जरा डावीकडे जाते, एवढंच.

गुरांच्या दवाखान्याची बक्की.
आमच्याकडे पिकअपला बक्कीच म्हणतात,
बकरी नव्हे,
जरी मागे बहुतेक वेळा बकऱ्याच असतात.
आज लशींची रिकामी खोकी, दोर, आणि एक हबकॅप
जी या गाडीची नाही.

मी गाडीकडे नंतर बघते. आधी हातांकडे.
त्याच्या उजव्या तळव्याला फोड आलाय.
सेस्फोंतेनपासून इथवर
माणूस स्टिअरिंगशी पंजा लढवत आलाय
आणि म्हणतो, जरा.

दोरी आण, मी उएंजीला सांगते.
पुढच्या दोन टायरांमधलं अंतर समोरून मोजलं,
मग तेच मागून.
समोर बोटभर जास्त.
दोन्ही चाकं एकमेकांवर रुसल्यासारखी
बाहेर बघतायत.

खाली सरकले. डोळ्यांत नदीची वाळू पडली.
टाय रॉडला पोक आलंय.
ते जुनंच, मुहारुकुआ बाहेरून म्हणतो,
मला फक्त त्याचे बूट दिसतात.
जुनं असतं तर गंजलं असतं.
हा ओरखडा अजून चांदीसारखा चमकतोय, बाबा.
बूट एका पायावरून दुसऱ्या पायावर जातात.
मग वरून, हळू:
होआनिबच्या कोरड्या पात्रात. रात्री.
किती वेगात?
चाळीस.
मी काही बोलत नाही.
साठ, तो म्हणतो.
दगड होता की हत्तीच्या पायाचा खड्डा, कळलंच नाही.
गावात तीन गाई आडव्या पडल्या होत्या.

इथे थांबता आलं असतं.
रॉड काढायचा, ऐरणीवर ठोकून सरळ करायचा,
किंवा विंडहुकहून नवा मागवायचा,
पैसे घ्यायचे, चहा द्यायचा.
पण पोक आलेला रॉड ओढतो, टकटक करत नाही.
आणि ही तर टकटक करत होती,
पंपापर्यंत नेऊन आणली तेव्हाच मी ऐकलं होतं.

उएंजी, बस आत. इंजिन चालू.
डावीकडे. उजवीकडे. थोडंच, बोटभर.
मी एकेका सांध्यावर तळवा ठेवत जाते.
सांधा खरा असेल तर
अलीकडचं नि पलीकडचं लोखंड बरोबरच निघतं,
जुन्या नवरा-बायकोसारखं,
आधी कोण उठलं सांगता येत नाही.
खोटा असेल तर मध्ये एक श्वास जातो.
हा खरा. हाही.
हा थोडा म्हातारा, पण खरा.

टक्.

सांध्यात नाही.
मी हात वर नेत नेत स्टिअरिंगच्या डब्यापर्यंत आले.
ज्यानं जागचं हलायचं नाही तोच हलतोय,
दोन केसांइतका,
चासीला धरून असल्याचं नुसतं सोंग.
बोल्ट घट्ट आहेत. चारही.
पेचकसानं चिखल खरवडला. वाळका,
एका नदीचा नाही, तीन-चार पावसाळ्यांचा.
खाली एक रेघ,
आणि रेघेतून झिरपलेली तांबडी भुकटी.

ही रेघ साठच्या वेगाची नाही.
हिला गंज चढायला वेळ मिळालाय.
रेघेच्या कडेला वेल्डिंगचा जुना टाका,
बारीक, डावीकडे झुकत गेलेला,
शेवटी एक जादा थेंब
कारण वेल्ड करणारीला थांबणं जमत नाही.

हा थेंब मी ओळखते.
चार वर्षांपूर्वी, याच झाडाखाली,
संध्याकाळ होत होती, रॉड संपत आले होते,
मी म्हणाले होते, चालेल आता.

सापडलं का? उएंजी वरून विचारते.
बूट माझ्या डोक्याजवळ येऊन थांबतात,
वाट बघतात, अपराध्यासारखे.

मी तळवा डब्यावर ठेवते.
अजून एकदा फिरव, मी म्हणते.
डावीकडे.