नकाशाबाहेरची टाचणी

निर्लेखित वस्तूंच्या यादीत एकेचाळिसावा होता तो:
नकाशा, कापडी, कड फाटकी, नग एक.
माझगावची आमची शाळा दुसऱ्या शाळेत मिसळली
तेव्हा शिपाई रेवाळेंनी फोन केला,
घेऊन जा, नाहीतर वजनावर जाईल.

घरी आणून जमिनीवर उलगडला.
डांबरगोळ्या, डिंक, वाळलेली एक पाल.
आफ्रिका : धोक्यातील वन्यप्राणी.
लाल ठिपका म्हणजे उरलेत थोडे,
पोकळ वर्तुळ म्हणजे शोधू नका.
काळ्या गेंड्याचं शिंग तर गेलंच,
दरवर्षी सातवी ब ची छडी तिथेच टेकायची,
रंग उडून आतली सुती वीण दिसते.
झैरे, ऱ्होडेशिया, अप्पर व्होल्टा :
या नावांवर कुणी ठिपका दिला नव्हता.
ती गेली.
गोरिला आहे अजून, म्हणतात.

निमकर बाईंची छडी हत्तीपाशी थांबली
तेव्हा हंसा आशर उठून म्हणाली,
बाई, आमच्या घरात आहे तो.
वर्ग हसला.
दुसऱ्या दिवशी तिनं रुमालातून आणल्या
आईच्या चुड्यातल्या दोन बांगड्या,
पडलेल्या दाताच्या रंगाच्या.
पणजोबांच्या पेढीवर मोंबासाची गलबतं लागायची म्हणे.
बाकाबाकांवरून फिरल्या बांगड्या.
गजा तांडेलनं एक गालाला लावली,
म्हणाला, गार आहे.
मग कुणी हसलं नाही.

वाटलं, बाई आता हंसाला रागावणार.
त्यांनी फूटपट्टी घेतली,
मोंबासापासून मोजत निघाल्या
उजवीकडे, जरा वर,
निळा समुद्र संपला, चौकट संपली,
कापड संपलं
तरी मोजतच राहिल्या, नुसत्या भिंतीवर,
आणि चुन्यात एक टाचणी खुपसली.
इथे आपण.
एवढंच.
हंसानं बांगड्या गुंडाळल्या
सावकाश, आवाज न करता.

रेवाळेंना विचारलं, ते भोक आहे का हो अजून?
कुठलं भोक? दोनदा रंग काढला वर्गाला.

आज टांगलाय नकाशा दिवाणखान्यात.
मीही फूटपट्टी लावून पाहिली.
आमची भिंत अपुरी पडते, मुंबई येते
बाहेरच्या दारावर, कडीच्या वीतभर वर.
सनमायक्यात टाचणी घुसेना.
हातोडी मागायला शेजारी गेलो
तर ते विचारतात,
काय ठोकताय?