एकतीस चौकोन

सोदानबाईची जमीन सव्वा बिघा,
म्हणजे माझ्या पडद्यावर एकतीस चौकोन.
त्यातले निव्वळ तिचे सोळा.
उरलेल्या पंधरांत बांध, बाभळ, गाडीवाट
आणि शेजाऱ्याचं थोडंथोडं काही
तिच्या सोयाबीनच्या रंगात कालवलेलं.
दहा मीटरपेक्षा बारीक
आमच्या उपग्रहाला दिसत नाही.

तो दर पाचव्या दिवशी येतो,
सकाळी साडेदहा-अकराच्या मध्ये.
मी तेव्हा भंवरकुव्याच्या सिग्नलला असते,
मागच्या रिक्षाचा हॉर्न ऐकत.
ऑगस्टात तो चार वेळा आला
आणि चारही वेळा देपालपूरच्या जागी
पिंजलेला कापूस घेऊन गेला.
पाचव्यांदा उघडीप होती.
ईशान्येच्या कोपऱ्यात चार चौकोन
हिरव्याचे पोपटी, पोपटीचे पिवळे.
यंत्राने त्यावर शब्द लिहिला: ताण.
हाच शब्द मार्चमध्ये
माझ्या डॉक्टरनेही लिहिला होता.

संदेश गेला.
जमीन अजून नवऱ्याच्या नावावर, तो जाऊन नऊ वर्षं;
नंबर मुलाचा, मेहरबानचा. तो पीथमपुरात,
दुसरी पाळी, फोन लॉकरमध्ये.
रात्री बाराला त्याने वाचलं,
सकाळी गावातल्या मास्तरांना फोन लावला,
मास्तर उज्जैनला, मेहुण्याच्या मोतीबिंदूला.

म्हणून तिसऱ्या दिवशी मीच गेले, टॅब्लेट घेऊन.
कोपरा निम्मा रिकामा.
बांधाशी खड्डा, खड्ड्यात पिवळी झाडं,
वर माती ओढायची राहिलेली.
तीन रोपं पिवळी होती तेव्हापासून उपटतेय, ती म्हणाली.
म्हणजे आमच्या आकाशवाल्याच्या आठ दिवस आधी.
मी टॅब्लेट पिशवीत घालायला लागले.
"थांब. यो कंई हे?"

तिचं बोट नाल्यापलीकडे.
मध्ये बेशरमाची जाळी, डोक्याच्या वर गेलेली,
नाल्याला पाणी,
दिवाळीपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही.
चित्रात सगळं उघडं:
बारा बिघे, मधूनच पिवळे पडलेले,
आणि पिवळ्याची एक जीभ
नेमकी हिच्या कोपऱ्याकडे.
ती बघत बसली,
चष्मा नाही म्हणून टॅब्लेट हातभर लांब धरून.
मी इथे उपटते, म्हणाली,
आणि माशी तिकडून येते.
रोज उपटते, रोज येते.
मग विचारलं, शेत कुणाचं ते यात दिसतं का?

यात दिसत नाही. ते खसऱ्यात असतं.
खसऱ्यात असतं: सुधाकर पोतनीस, सुदामा नगर, इंदूर.
माझीच इमारत, तिसरा मजला.
शेत बटाईने दिलेलं.
सकाळी गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालताना
खाली मला बघून विचारतात,
काय म्हणतंय तुमचं आकाश?

निघताना तिने वेळ पक्की करून घेतली.
साडेदहाला ना? मग त्या दिवशी
मी शेतात मधोमध उभी राहते,
लाल लुगडं नेसून.
माणूस दिसत नाही त्यात,
हे मी सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी चित्र उतरलं.
चौथ्या ओळीतला तिसरा चौकोन
मी मोठा केला, आणखी मोठा केला.
तो शेजारच्यांइतकाच हिरवा.
नाल्यापलीकडचं पिवळं
आता बेशरमाला टेकलेलं.

छापून घेतलं. आमच्या प्रिंटरला
पिवळ्याचं वावडं आहे, तो आधी फिका होतो,
म्हणून कडा पेनाने गिरवल्या.
लिफ्ट बंद होती.
तिसऱ्या मजल्यावर, दाराआड,
मोठ्या आवाजात बातम्या चालू.
मी बेल दोनदा वाजवली.