शेवटचा थांबा

जून उजाडला तरी डुलूथला उन्हाळा कागदावरच.
सरोवरावरून येणारा वारा अजून बाहीत हात घालतो
आणि मी एकोणीस नंबरची बस घेऊन टेकडी चढतो.
मागे एकही मूल नाही.
सीटांवर निळे क्रेट, क्रेटांत कागदी पिशव्या,
पिशवीत सँडविच, सफरचंद, दुधाचा छोटा खोका.
मार्चपासून हेच. सव्वीस थांबे, एकसष्ट जेवणं.
वळणावर खोके एकमेकांवर आपटतात,
तेवढाच काय तो गलका.

बावीस वर्षं ओरडत आलो:
खाली बस, खिडकीबाहेर हात नको,
कोण ते च्युइंगगम चिकटवतंय?
आता गाडी इतकी शहाणी झालीय
की मला आरशात बघवत नाही.

आज शाळेचा शेवटचा दिवस.
दरवर्षी या दिवशी शेवटचं मूल उतरलं
की मी तीनदा हॉर्न वाजवतो.
नियमात बसत नाही, पण सगळे कानाडोळा करतात.
आज प्रत्येक दारात वाजवला.
हाल्वरसनांची जुळी पायजम्यातच धावत आली.
कोपऱ्यावरचा डेक्स्टर, वर्षभर माझ्याशी अवाक्षर न बोललेला,
पिशवी उचलून म्हणाला,
"सप्टेंबरात तूच येशील ना?"
हो, म्हटलं मी.
तोंडावर मास्क होता ते बरं झालं.

शेवटचा थांबा माझंच घर.
इथे हॉर्न नाही. सोल्वेग झोपलेली असते,
वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून, तळघरात, एकटी.
मागच्या दारानं येते, कपडे गॅरेजमध्येच उतरवते,
आणि सकाळी आठ वाजता
मुलांना काचेआडून शुभ रात्री म्हणते.

मुलं पायरीवर. शाळेनं त्यांच्या बाकातलं सामान
पिशवीत भरून पाठवलंय, ते पसरलेलं:
अर्धं खोडरबर, बर्फातले हातमोजे, एकच बूट,
मातीचा पेला, त्यात घेवड्याचं बी
उगवून, वाट बघून, वाळलेलं,
आणि हवामानाच्या तक्त्यावरचा कापडी ढग.
त्या सोमवारी तो लावायची पाळी आयनारची होती.

टायरा सांगते, बाईंनी निरोपाचा हात हलवला,
चित्र गोठलं, हात वरच राहिला. मग लॅपटॉप मिटला.
"म्हणजे सुट्टी लागली," मी म्हणतो.
लागतेच ती. तहान लागते तशी, ठेच लागते तशी.
यंदा सगळ्या जगाला भलतीच लागण झालीय,
या दोघांना निदान सुट्टी तरी लागू दे.

आयनार मान हलवतो.
"बसमधून उतरल्याशिवाय कशी लागेल?"

मुलांना बसमध्ये घ्यायला बंदी आहे.
त्या कागदावर सही माझीच.
मी रस्ता बघतो. तळघराची खिडकी बघतो. दार उघडतो.
क्रेटांतून वाट काढत दोघं आपापल्या जागी:
आयनार चौथी रांग, डावीकडे,
टायरा अगदी मागे, कारण ती आता चौथीत.
"पाचवीत," ती तिथूनच दुरुस्त करते.
गाडी दहा फूट पुढे. ब्रेक. दहा फूट मागे.
"खाली बस!" मी ओरडतो.
दोघंही बसलेलीच असतात.
आरशात दोन डोकी.
दार उघडायला मला जरा वेळ लागतो.

उतरतात ती, एकेक पायरी, उगाच सावकाश,
शेवटच्या पायरीवरून उडी.
मी हॉर्नवर तळवा ठेवतो, दाबत नाही.
तिघं मिळून तोंडं उघडतो,
आवाज न करता, तीनदा.

तळघराच्या खिडकीत, जमिनीलगत,
एक हात वर येतो.
बोटं काचेवर ठोकतात. एक. दोन. तीन.

झोपली नव्हतीच ती.

उरलेलं चॉकलेटी दूध आम्ही पायरीवर पितो.
अकरा आठवडे आहेत, जायला कुठेच नाही.
टायरा हातमोजे दोरीवर वाळत घालते, ओले नसतानाही.
आयनार ढग हातात घेऊन उभा.
"हा आता," तो विचारतो, "कुठे लावायचा?"