समास

हडर्सफील्डच्या वाचनालयात, दुसऱ्या मजल्यावर,
दर मंगळवारी दोन ते चार
एलीन हेपवर्थ बसते, गळ्यात दोरीला चष्मा.
धंदा काढू म्हणणाऱ्यांचे कागद तपासते, फुकट.

माझी अकरा पानं तिनं आधी वाचलीच नाहीत.
हात लांब करून नुसती धरली,
भिंतीवरचा फोटो सरळ लागलाय का बघावं तशी.
"श्वास घ्यायला जागाच नाही गं यात,"
असं काहीसं म्हणाली, यॉर्कशायरच्या हेलात.
"चारी बाजूंनी इंचभर सोड.
समास वाचणाऱ्याच्या अंगठ्यासाठी असतो."

समास.
वहीचं पान दुमडून नखानं घडी पक्की करायचो,
डावीकडची पट्टी कोरी, गद्रेबाईंच्या लाल शाईसाठी.
व्याकरणातला समास वेगळा,
तो दोन शब्दांमधली जागा खातो.
हा जागा सोडतो.
शब्द एकच, आणि मला हे दिसायला
चाळिशी यावी लागली, शिवाय हडर्सफील्ड.

मग तीन आठवडे रात्री कागद सरळ करत बसले.
तीन तऱ्हेची अक्षरं होती, एक ठेवली.
अधोरेखित होतं ते सगळं साधं केलं;
सगळंच ओरडून सांगितलं की काहीच ऐकू जात नाही.
आकडे उजवीकडे रेटले,
दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह,
कवायतीला उभे केल्यासारखे.
तेव्हा कळलं, फेब्रुवारीत मी
दुकानाचं भाडं धरायलाच विसरले होते.
वेड्यावाकड्या रांगेत ते खपून गेलं होतं.

'जोखीम' या मथळ्याखाली लिहिलं होतं:
मी एकटी आहे. पाठ दुखते.
एलीननं खोडलं नाही, पेन्सिलीनं शेजारी लिहिलं:
'मुख्य व्यक्तीवरील अवलंबित्व'.
दोन्ही खरं.
दुसरं मात्र बँकेत बसून वाचता येतं.

सारांश शेवटी लिहायचा, लावायचा सगळ्यात आधी.
हे काही मला नवीन नव्हतं.
अण्णा शिलाई मशीन जोडून झालं की
अगदी शेवटी वरची पितळी पट्टी पुसायचे,
आणि गिऱ्हाईक आल्याआल्या तेवढीच बघायचं.
त्यांचा सगळा आराखडा खोक्याच्या झाकणावर, पेन्सिलीत:
कुणाचं मशीन, काय दुखतंय, किती घ्यायचे.
'किती घ्यायचे'च्या खाली
बरेचदा सगळा समासच.

चौदा पानं, पानाला वीस पेन्स.
बाराव्यावर माझाच अंगठा उमटला;
सकाळी कुणाच्या तरी मशीनला तेल दिलं होतं.
कडेच्या कोऱ्या जागेत,
अंगठा जिथं असायला हवा बरोबर तिथं.
पर्समध्ये पन्नास पेन्सचं नाणं होतं.
मी पान पुन्हा छापलं.

बँकेतल्या पोरसवदा कॅलमनं
पहिलं पान वाचलं, मग थेट नववं,
फेब्रुवारीपाशी थांबला.
"हं," म्हणाला. अंगठा समासात.
कळवतो म्हणाला.

तेलाचं पान घरी आहे.
मागच्या बाजूवर सुयांची यादी केलीय:
नव्वद नंबर, शंभर नंबर, चामड्याच्या वेगळ्या.
डावीकडे, सवयीनं, इंचभर सोडून.