दोन पुरुष खोल

रजिस्टरात मीटर लिहायचे असतात.
पण होडीत भिकोबा मते बसलेला,
तो दोरी सोडताना त्याच्या पद्धतीनं मोजतो:
वीत, हात, कंबर, पुरुष, दोन पुरुष.
मी मनातल्या मनात भागाकार करतो
आणि आकडा टाकतो.

पाषाणला तलाव आहे, दगड तर नावातच,
पण तिथं जलपर्णी माजलेली, काठाला वास.
इनामदार मॅडम म्हणाल्या, खडकवासला घेऊ.
एकाच शहाबादी फरशीचे पाच तुकडे,
कात्रजच्या वखारीतून घासाघीस करून आणले,
मीच छिन्नीनं भोकं पाडली.
कार्तिकात एकाच दोरीला टांगले.
सारखे. एका पाठीवर झालेल्या भावंडांपेक्षाही सारखे.

काळी-पांढरी थाळी आधी पाण्यात सोडायची,
दिसेनाशी झाली की तिथं चिमटा.
भाद्रपदात ती हातभरातच बुडाली होती,
पाणी तेव्हा कटिंग चहासारखं.
आता पौषात बराच वेळ दिसते,
मग नुसतं वाटतं की दिसतेय.
"गेली," भिकोबा म्हणतो.
मी अजून बघतच असतो.

दोरी वर ओढली.
वितीवरचा तुकडा पोळलेला,
त्यावर फिकट, पिवळट केस, लाटांनी एकाच बाजूला विंचरलेले.
उजेड जास्त झाला तरी सोसत नाही,
एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत बरण्या धुतल्या,
कुणी सांगितलं नव्हतं.
हातावरचा मात्र बहरलेला:
हिरवा, बोटभर लांब, निसरडा,
मधून एका गोगलगायीनं चरत काढलेली वाट,
पर्वतीच्या टेकडीवर पायवाट असते तशी, वळणावळणाची.
कंबरेचा तुकडा गाठीतून निसटला होता.
वहीत आडवी रेघ.
पुरुषभर खालचा तपकिरी, काकवीची झिलई असलेला,
उन्हात धरला तर सोनेरी चमक.
डायटम, मॅडम म्हणतात.
काचेच्या डबीत राहणारे जीव.

आणि शेवटचा.
"हा कोराच की," भिकोबा म्हणाला,
आणि बिडी पेटवली.
तरी घासला. नवा टूथब्रश, इनॅमलची थाळी,
प्रत्येकाला मोजून तेवढंच पाणी.
थाळीत टोपणभर काळपट गाळ.
एवढ्यासाठी दोन पुरुष दोरी.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्टूल सरकवून दिलं,
"बघा गोडांबे, तुमच्याच फरशीवरचं आहे."
मी चष्मा कपाळावर ढकलला.
पेशी मोजक्या. एकमेकींपासून लांब लांब.
पण एकेक इतकी गर्द,
जसा दिवाळीच्या आधी भरलेला डबा,
झाकण बसेना इतका.
वरच्यांकडे एवढं नव्हतं.
"उजेड तुटपुंजा," मॅडम म्हणाल्या,
"म्हणून पकडायची तयारी जास्त."
मग त्यांना फोन आला.
मी अजून थोडा वेळ बघत राहिलो.

हेमलता सातारा रोडच्या एका इस्पितळात
दुसऱ्या तळघरात पार्किंगची पावती फाडते,
सहा ते दोन.
तिथं एक ट्यूब आहे, तीही फडफडणारी.
ती सांगते, गाडी उताराला लागली की आवाजावरून कळतं
माणूस भेटायला आलाय की न्यायला.
सांगते, ज्याचं कुणी गेलं
तो किल्ली हातात धरूनच किल्ली शोधत राहतो.
त्याची पावती ती सावकाश फाडते.
मी हसायचो, म्हणायचो, अंधारात तुला काय दिसतं.

आज अर्धा दिवस टाकला.
दोन वाजता ती उतारावरून चालत वर आली,
शेवटच्या पावलाशी थांबली,
कपाळावर हात आडवा, डोळे बारीक,
वितीवरच्या तुकड्यासारखी, क्षणभर सगळा रंग उडालेली.
माझ्या बाहीचा वास घेऊन म्हणाली,
"तळ्यावरून आलात? धुतली नाहीत अजून बाही?"
मी म्हटलं, नाही, कालचीच आहे.
आम्ही बसस्टॉपकडे निघालो.
मी उन्हाच्या बाजूनं चाललो.