चार नंबरचा मोजा

सात बाटल्या, सात मोजे.
मुलीच्या शाळेचे, पांढरे, टाचेशी पिवळे पडलेले.
स्केचपेनने आकडे घातले आणि गच्चीवर
सतरंजीच्या कडेला ओळीने बसवले.
सावद्यात एप्रिलची भिंत रात्री नऊलाही हाताला पोळते.
वसुधा म्हणाली, शेवभाजीपुढे तुमची वाइन काय टिकणार,
म्हणून नुसते बिबडे, शेंगदाणे,
आणि रंग दिसू नये म्हणून स्टीलचे पेले.

मेहुण्याने पाठवलेल्या कागदावरून नियम वाचले:
आधी हुंगा. मग घोट. मग लिहा. बोलू नका.
फिरके सर पहिल्याच पेल्याला बोलले,
"भो, हे तर खोकल्याचं औषध."
नसीमा तडवी लिंबूपाणी पीत गुण मांडत होती.

कुठल्या मोज्यात नाशिक, कुठल्यात सांगली,
कुठल्यात भुसावळची सगळ्यात स्वस्त,
एकट्या मला ठाऊक.
नावं पाठ होती.
नावांपलीकडे माझ्याकडे काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर
केळीच्या रायपनिंग चेंबरचं दार उघडतो
आणि आत फक्त थंडी असते.
पूर्वी उंबऱ्यावरूनच सांगायचो,
ही गाडी उद्या, ती परवा, कोपऱ्यातला माल आजच काढा.
शेठ म्हणायचे, नाक नाही रे, काटा आहे.
आता सालीचा रंग बघतो, तक्त्यावर बोट ठेवतो.
कुणाला कळलेलं नाही. पगार तोच आहे.

चार नंबर.
सगळे माझ्याकडे का बघतायत?
कागद आठवून म्हटलं,
"ओकचं पिंप. थोडी मिरी. शेवटी, काय म्हणतात ते, ओली माती."

कुणी हसलं नाही.
हसायचं ठरलं होतं म्हणे.
मी बर्फाला खाली गेलो तेव्हा विश्राम पावराने
पालहून आणलेली मोहाची फुलं
मूठभर बाटलीत सोडली होती.
जिन्यापर्यंत वास होता.

वसुधाने पेला खाली ठेवला.
"म्हणजे त्या दिवशी दूध..."
तळापर्यंत करपलं होतं. मी तिथेच,
ओट्याला टेकून पेपर वाचत.

विश्राम सरकून जवळ बसला. माफी वगैरे नाही.
पेला माझ्या नाकाखाली धरला.
"पहाटे चारला उठायचं. झाडाखालचा पाला
जाळून ठेवलेला असतो, त्या राखेवर पडतात. टप. टप.
अस्वल येऊन गेलंय का, आधी बघायचं.
मग आईच्या टोपलीला जो वास येतो,
पिकलं केळं, बैलाची मान, भिजलं गोणपाट, सगळं एकदम.
आला?"

"नाही."

"बरं. पाच नंबर घ्या."

नसीमाने गुणांचा तक्ता उलटा केला
आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली.
पाच तिने नुसती हुंगली: अब्बांच्या दुकानातली इस्त्री,
ओल्या कापडावर ठेवल्या ठेवल्या.
सहा, फिरके सर: जूनमध्ये फोडलेला वह्यांचा गठ्ठा.
सातला वसुधा बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "तुम्ही. कामावरून आल्यावर,
आंघोळीच्या आधीचे."

मोजे काढून नावं बघायची राहूनच गेली.
सकाळी मुलगी एका पायात दोन, एका पायात सहा
घालून शाळेत गेली.

चार नंबरचा माझ्या खिशात असतो.
चेंबरच्या दारात, कुणी नसताना,
काढून नाकाला लावतो.
थंडी.
पुन्हा लावतो.